मॅग्नेशियमच्या तुकड्यातून ५ लिटर हायड्रोजन?? एककांनी डोकं फिरवलंय, मदत करा

गोंधळी_मोल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांच्या गॅपनंतर केमिस्ट्री परत सुरू केलीये (एका कोर्सला लागते म्हणून, हौस वगैरे नाही) आणि पहिल्याच धड्यावर, म्हणजे ते मोजमाप, एककं, सगळे "हे काय सोप्पंय" म्हणून जो धडा उडवतात ना, त्याच्यावरच आडवा झालोय.

परवा प्रॅक्टिकलला मॅग्नेशियमच्या फितीचा ०.०५ ग्रॅमचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला आणि निघालेला हायड्रोजन पाण्यावर, उलट्या धरलेल्या १०० मिलीच्या नळीत गोळा केला. नळीत ५१.८ मिली वायू जमला. आता रिपोर्टमधे लिहायचंय की हिशोबाने किती यायला हवा होता.

माझा हिशोब असा, मॅग्नेशियमचा अणुभार २४.३०५, ०.०५ भागिले २४.३०५ म्हणजे ०.००२०५७ मोल (अणू-रेणू मोजायचं एकक). मॅग्नेशियमच्या एका अणूमागे हायड्रोजनचा एक रेणू, म्हणजे हायड्रोजन पण तेवढाच. मग पीव्ही = एनआरटी (दाब गुणिले आकारमान = मोल गुणिले आर नावाचा स्थिरांक गुणिले तापमान). दाब १, तापमान २५, आर ८.३१४. उत्तर आलं ०.४३. म्हणजे ०.४३ लिटर, म्हणजे ४३० मिली. अहो नळीच १०० ची आहे!

मग एक मित्र म्हणाला तापमान केल्विनमधे टाक. टाकलं, २५ अधिक २७३.१५ म्हणजे २९८.१५. आता उत्तर ५.१. म्हणजे चूक सुधारली तर उत्तर अजून बिघडलं. नखाएवढ्या तुकड्यातून ५ लिटर हायड्रोजन. कुठे माती खातोय मी?

कॅल्क्युलेटर_बडव्या

आर ०.०८२०६ टाक. ०.०५०३ येईल. लिटर. म्हणजे ५०.३ मिली. विषय संपला.

गोंधळी_मोल

आलं!! पण का आलं? दोन्ही आर पुस्तकात आहेत, दोन्हीला आरच म्हणतात, मग कुठला कधी टाकायचा हे काय नाणं उडवून ठरवायचं का

ब्युरेटताई

बडव्या, उत्तर दिलंस पण पोराला होतं तिथेच अंधारात ठेवलंस.

गोंधळी, आधी तू मला सांग, "०.४३" काय? तू त्याला लिटर म्हणालास, ते कुणी सांगितलं तुला? कॅल्क्युलेटरने तर नाही सांगितलं. तू मनात लिटर धरून बसला होतास आणि आकडा आल्यावर त्याच्या गळ्यात पाटी अडकवलीस. सगळी गडबड तिथे आहे.

८.३१४ हा नुसता आकडा नाहीये, तो ८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन आहे. आणि ज्यूल उलगडलास की निघतो पास्कल गुणिले घनमीटर. म्हणजे हा आर ज्या घरचा आहे तिथे दाब पास्कलमधे बोलतात आणि आकारमान घनमीटरमधे. तू दाबाच्या जागी लिहिलंस १. तुझ्या मनात होतं १ वातावरण, त्याने ऐकलं १ पास्कल. आता गंमत बघ, तुझं ते ५.१ हे उत्तर चूक नव्हतंच. ते ५.१ घनमीटर होते. १ पास्कल म्हणजे जवळपास निर्वात, तेवढ्या दाबाला तुझा तो चिमूटभर हायड्रोजन खरंच ५.१ घनमीटर जागा व्यापेल, म्हणजे ५१०० लिटर. तू जो प्रश्न विचारलास त्याचं त्याने चोख उत्तर दिलं, फक्त तो प्रश्न तुला विचारायचा नव्हता.

०.०८२०६ वाला आर म्हणजे लिटर-वातावरण प्रति मोल प्रति केल्विन. म्हणून तिथे दाब १ चालून गेला. दोन्ही एकच आर आहेत, दोन कपड्यांतले.

आता एक काम कर. ८.३१४ च ठेव, पण प्रत्येक आकड्याला त्याचं एकक चिकटवून कागदावर लिही आणि वर-खाली काटत जा, अंश-छेदात आकडे काटतो तसंच. शेवटी जे उरेल ते उत्तराचं एकक. तुला नको असलेलं काही उरलं, तर आकड्याकडे बघूच नकोस, मागे जा.

नुसताच_वाचक

ताई दंडवत. "५.१ चूक नव्हतंच" हे वाचून दोन मिनिटं शांत बसलो. वाखूसा (वाचनखूण साठवली).

गोंधळी_मोल

ताई केलं. मोल मोलाशी कटले, केल्विन केल्विनशी कटले, वर राहिले ५.०९९ ज्यूल, खाली १०१३२५ पास्कल. ज्यूल भागिले पास्कल म्हणजे घनमीटर, बरोब्बर. उत्तर ०.००००५०३ घनमीटर. लय भारी वाटलं.

मग मिलीत न्यायला १०० ने गुणलं कारण मीटरमधे १०० सेंटीमीटर, आणि आलं ०.००५०३. म्हणजे आता थेंबाचा पण अंश. परत मेलो.

शेपटीवाला_शून्य

घन विसरलास की राव. १ मीटरची खोकी डोळ्यांसमोर आण, तिच्यात १ सेमीचे फासे रचायचेत. एका ओळीत १००, अशा १०० ओळी म्हणजे नुसता तळ झाकायला १०,०००, आणि असे १०० थर. दहा लाख फासे. १०० ने एकदा नाही, तीनदा गुणायचं. ०.००००५०३ गुणिले १०,००,००० = ५०.३.

ही चूक मी स्वतः घनतेच्या गणितात इतक्यांदा केलीये की आता हात आपोआप थांबतो. ग्रॅम प्रति घनसेमीचं किलो प्रति घनमीटर करताना १००० ने गुणतात, १० नाही, १०० नाही. पाणी १ चं १००० होतं एवढं लक्षात ठेवलं तरी निभावतं.

गोंधळी_मोल

५०.३! दोन्ही आरने तेच! आता पटलं. आणि मिली आणि घनसेमी एकच ना? का त्यातही काही भानगड आहे

जुना_खडू

आता एकच. पण भानगड होती हो, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. १९०१ साली लिटरची व्याख्या केली ती १ किलो शुद्ध पाण्याचं, कमाल घनतेच्या तापमानाचं आणि प्रमाण वातावरणीय दाबाचं आकारमान अशी. कल्पना अशी की ते १ घन डेसिमीटरच असणार. मोजलं तर निघालं १.००००२८ घन डेसिमीटर. म्हणजे मिली आणि घनसेमी सख्खे नाही, चुलत भाऊ. त्रेसष्ट वर्षं हा फरक तसाच चालला, शेवटी १९६४ मधे ती व्याख्या काढून टाकली आणि लिटर म्हणजे सरळ घन डेसिमीटर असं ठरलं. तुमच्या ५० मिलीत तो फरक ०.००१४ मिली, तुमच्या नळीला दिसणारही नाही. पण जुनं काचसामान आणि जुनी पुस्तकं हाताळलेल्या लोकांना मिली आणि सीसी (घनसेमी) यात फरक करायची खोड का होती ते यातून कळतं.

मोलकरीण_नव्हे_मोल

इथेच विचारते, मी याच प्रयोगात सरळ २२.४ ने (१ मोल वायूचे लिटर) गुणलं. ०.००२०५७ गुणिले २२.४ = ०.०४६१ लिटर = ४६.१ मिली. आमच्या ग्रुपमधे सगळ्यांनी तेच केलंय. आणि एकीच्या पुस्तकात २२.७ आहे, तिला वाटतंय छपाईची चूक.

ब्युरेटताई

छपाईची चूक नाही. २२.४ लिटर हे ० डिग्री सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला. १९८२ मधे आययूपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाण दाब १ वातावरणावरून १ बारवर आणला, म्हणजे १०१३२५ पास्कलवरून सरळ १,००,००० वर. दाब जरासा उतरला की आकारमान जरासं वाढणार, म्हणून २२.७. जुनी पुस्तकं २२.४ वर थांबलीत, नवी २२.७ देतात, आणि बरीच पुस्तकं कुठला दाब धरलाय ते छापतच नाहीत. माझ्या मते गुन्हा तो आहे.

पण तुझी खरी चूक वेगळीच आहे गं. तुमची खोली काय ० डिग्रीला होती का? २५ ला होती. २२.४ आणि २२.७ दोन्ही इथे उपयोगाचे नाहीत.

मोलकरीण_नव्हे_मोल

अय्यो. अख्खा ग्रुप गेला.

कॅल्क्युलेटर_बडव्या

आमच्यावेळी २२.४ पाठ करून पास झालो, काही बिघडलं नाही

जुना_खडू

बडव्या, तुमचं बिघडलं नाही कारण तुमच्या उत्तरावर काही उडत नव्हतं. १९८३ मधे एका बोइंग ७६७ मधे इंधन भरताना लिटरचं किलो करायला १.७७ ने गुणलं गेलं. १.७७ हे पौंड प्रति लिटर होतं, किलोला ०.८ च्या आसपासचा आकडा हवा होता. विमान लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्यापेक्षा कमी घेऊन उडालं आणि आभाळात दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते कॅनडात गिमली नावाच्या गावच्या जुन्या धावपट्टीवर घरंगळत उतरवलं, सगळे वाचले. १९९९ मधे नासाचं मंगळाकडे गेलेलं यान मात्र वाचलं नाही, एका सॉफ्टवेअरने आकडे पौंड-सेकंदात दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले, ४.४५ पटीचा फरक. दोन्हीकडे आकडेमोड चोख होती बरं का.

नुसताच_वाचक

अवांतर: मोल हे एकक कसं काय? ती तर संख्या ना, डझनासारखी. डझनाला कोणी एकक म्हणत नाही.

जुना_खडू

यावर मोठमोठ्यांची भांडणं झालेली आहेत, तुम्ही एकटे नाही. १९७१ मधे मोलला सातवं मूळ एकक म्हणून एसआयमधे (आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत) घेतलं, तेव्हा व्याख्या होती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधे जेवढे अणू तेवढं. २० मे २०१९ पासून सरळ संख्याच बांधून टाकली, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, पुढे काही नाही. त्याच दिवशी किलोग्रॅमही फ्रान्समधल्या त्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यापासून सुटला. गमतीचा भाग असा की आता १ मोल कार्बन-१२ म्हणजे काटेकोर १२ ग्रॅम असं म्हणता येत नाही, ते मोजून ठरवायची गोष्ट झाली. फरक इतका बारीक की तुमच्या-आमच्या तराजूला त्याचा पत्ता नाही. डझनावरचा तुमचा आक्षेप मला आवडतो, मी स्वतः त्याच बाजूचा आहे.

गोंधळी_मोल

मूळ मुद्द्यावर येतो. हिशोबाने ५०.३ मिली, नळीत ५१.८. दीड मिली जास्त. रिपोर्टमधे "मानवी चूक" लिहून मोकळा होऊ का?

ब्युरेटताई

मानवी चूक लिहिणाऱ्यांना मी पूर्ण मार्क कापते. कुठल्या माणसाची, कुठली चूक, किती आणि कुठल्या दिशेला? ते सांगता येत नसेल तर ते वाक्य नुसतं पान भरतं.

वायू पाण्यावर गोळा केला म्हणालास ना? विचार कर, नळीत फक्त हायड्रोजनच आहे का.

शेपटीवाला_शून्य

थांबा ताई, त्याच्या आधी माझी शंका. गोंधळी, तू लिहिलंयस ०.०५ ग्रॅम. तराजूवर नक्की काय दिसत होतं?

गोंधळी_मोल

०.०५ च. काय फरक पडतो

नुसताच_वाचक

आले सिग्निफिकंट फिगरवाले (सार्थ अंकवाले). माफ करा पण हा प्रकार मार्क कापायला काढलाय असं माझं प्रामाणिक मत आहे. ०.०५ आणि ०.०५० आणि ०.०५०० एकच संख्या आहे, गणितात कोणालाही विचारा.

शेपटीवाला_शून्य

गणितात एकच, तराजूवर नाही. वाद घालत नाही, आकडे देतो.

तराजू दोनच दशांश दाखवणारा असेल आणि त्यावर ०.०५ दिसलं, तर खरं वस्तुमान ०.०४५ ते ०.०५५ यातलं काहीही असू शकतं, तराजू त्याला ०.०५ च म्हणणार. म्हणजे हायड्रोजन ४५.३ मिलीपासून ५५.४ मिलीपर्यंत कुठेही. मग गोंधळीचा दीड मिलीचा फरक आहे की नाही हेच सांगता येत नाही, ५१.८ आरामात त्यात बसतं. धागा इथेच बंद करा.

तराजू तीन दशांशांचा असेल आणि त्यावर ०.०५० दिसलं असेल तर वस्तुमान ०.०४९५ ते ०.०५०५, आणि हायड्रोजन ४९.८ ते ५०.८. आता ५१.८ बाहेर पडतं. आता दीड मिलीला कारण द्यावंच लागेल.

त्या एका शून्यावर ठरतं की प्रश्न आहे की नाही.

तुमच्या रागातलं थोडं मला मान्य आहे हां. ते "गुणाकारात सगळ्यात कमी सार्थ अंक धरा, बेरजेत दशांश स्थळं धरा" हे नियम ढोबळच आहेत आणि त्यावर अर्धा-अर्धा मार्क कापणारे लोक मलाही भेटलेत. पण नियम ढोबळ म्हणून शून्य फेकून द्यायचं नाही.

गोंधळी_मोल

लॅबची वही उघडली. तराजूवर ०.०५० होतं. वहीत पेन्सिलने ०.०५० लिहिलंय, रिपोर्टमधे उतरवताना मी शेवटचं शून्य उडवलं, म्हटलं त्याला काय किंमत.

नुसताच_वाचक

...बरं. मान्य. या वेळेपुरतं.

ब्युरेटताई

छान, म्हणजे दीड मिली खरंच आहे. आता सांग, बॅरोमीटर किती दाखवत होता, आणि वाचन घेताना नळीतली आणि बाहेरच्या भांड्यातली पाण्याची पातळी सारखी केली होतीस का?

गोंधळी_मोल

फळ्यावर ७६० मिमी लिहिलं होतं. पातळीचं, हो, लॅबमधले काका नळी वर-खाली करायला लावत होते, आत-बाहेर सारखं होईपर्यंत. तेव्हा वाटलं उगाच छळतायत.

ब्युरेटताई

काकांना जाऊन थँक्यू म्हण. आतलं पाणी वर चढलेलं असतं तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असता, दर १३.६ मिमी पाण्याच्या फरकाला १ मिमी पारा. पातळी सारखी केली की आतला दाब बाहेरच्याएवढा, ७६०.

पण ते ७६० एकट्या हायड्रोजनचे नाहीत. खाली पाणी आहे, त्याची वाफ नळीत भरलेली आहे, आणि २५ डिग्रीला पाण्याचा बाष्पदाब असतो २३.८ मिमी. तेवढा वाटा वाफेचा. हायड्रोजनच्या वाट्याला ७३६.२ मिमी. आता हा दाब घालून हिशोब परत कर.

(आणि हे मिमी म्हणजे लांबीचे मिमी दाबाला कसे, असं कोणीतरी विचारणारच, तर ते पाऱ्याच्या स्तंभाची उंची, ७६० मिमी पारा = १०१३२५ पास्कल. तोंडात बसलंय म्हणून वापरतो, एसआयवाले नाक मुरडतात.)

गोंधळी_मोल

५०.३३ गुणिले ७६० भागिले ७३६.२ = ५१.९६!!! नळीत ५१.८ होतं!

शून्यदादांच्या पद्धतीने रेंज पण काढली, ०.०४९५ ला ५१.४ आणि ०.०५०५ ला ५२.५. ५१.८ मधोमध नाही पण आत आहे. म्हणजे ती दीड मिली पाण्याची वाफ होती. मी ती मानवी चूक म्हणून लिहिणार होतो.

मोलकरीण_नव्हे_मोल

आमच्या ग्रुपला हिशोबाच्या ४६.१ आणि नळीतल्या ५१.५ मधे जवळपास साडेपाच मिलीचा फरक दिसत होता, आम्ही लिहिलंय "नळीत हवा शिरली असावी". एक वाक्य आणि चार चुका. रिपोर्ट परत मागून घेते.

शेपटीवाला_शून्य

थर्मामीटर पण एकदा बघून घ्या. एका डिग्रीला नुसत्या प्रसरणाने ०.१७ मिली हलतं, वाफेचं वेगळं. २५ म्हणजे वाचलेले २५ की "खोलीचं तापमान २५ धरा" वाले २५?

गोंधळी_मोल

वाचलेले. देवाशप्पथ.

शेवटचा रिपोर्ट टाकतोय, कोणीतरी नजर घाला प्लीज:

मॅग्नेशियम: ०.०५० ग्रॅम
तापमान: २९८°केल्विन
हायड्रोजनचा दाब: ७३६.२ मिमी पारा
अपेक्षित आकारमान: ५१.४ ते ५२.५ मिली
मोजलेलं आकारमान: ५१.८

जुना_खडू

केल्विनच्या मागची ती डिग्रीची टिकली पुसा. १९६७ मधेच काढलीये. सेल्सिअसला डिग्री, केल्विनला नुसतं केल्विन.

ब्युरेटताई

बाकी सुरेख. शेवटची ओळ मात्र परत वाच. ५१.८ काय?

गोंधळी_मोल

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)